राखेच्या पायघड्या

मी पडले ती त्याच्यामुळे. हे मी आजही छातीठोकपणे सांगते, आणि तो आजही कबूल करत नाही.

नारीनमध्ये वादळ सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. वारा असा सुटला होता की समोरून माणूस येतंय की खांब उभा आहे, तेच कळत नव्हतं. मी रेडिओवरचं सकाळचं निवेदन वाचून घरी निघाले होते. निवेदन तरी कसलं… एकच वाक्य! "दोलोन खिंड बंद आहे." त्या खिंडीतूनच आमचा रस्ता बिश्केकला जातो. ती बंद झाली की आमच्या गावाला कुणीतरी बाहेरून कडी घालावी तसं होतं. आणि गावातले लोक असे, की कडी जणू मीच घातली आहे! दुकानात, बसथांब्यावर, जो तो मलाच विचारायचा, "काय बेगिमाय, कधी उघडतेस खिंड?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावरचा नळ आहे. कितीही जपा, तिथे पाणी सांडतंच, आणि सांडलं की त्याची काच होते. मला ती जागा पाठ आहे. पण त्या सकाळी काचेवर भुसभुशीत बर्फाची चादर पडली होती, तिच्यावर कुणीतरी नुकतंच पाणी ओतलं होतं, आणि माझ्या पायात उंच टाचांचे नवे कोरे बूट होते.

पाय पुढे गेले, मी मागे राहिले.

"उठू नका! थांबा, थांबा… मी आलो!"

तो आला खरा. धावत आला, माझ्यापासून हातभर अंतरावर त्याचाही पाय सटकला, हातातला पाण्याचा डबा खणखणत गल्लीभर गेला, आणि हा पठ्ठ्या थेट माझ्या शेजारी येऊन बसला, जसं काही मी त्याला चहाला बोलावलं होतं.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"छे हो. हौस म्हणून बसलेय."

"मग मीही बसतो जरा."

"इथे पाणी कुणी ओतलं?"

"पाणी?" त्याने इकडे तिकडे पाहिलं. "वाऱ्याने सांडलं असेल."

"वाऱ्याच्या हातात डबा होता वाटतं!"

तो हसला. भुवयांवर बर्फ, पापण्यांवर बर्फ, आणि मधे दोन काळेभोर मिस्किल डोळे. मग एकाएकी ते डोळे मोठे झाले. "एक मिनिट… हा आवाज! 'दोलोन खिंड बंद आहे'… त्या तुम्हीच?" त्याने माझी अशी हुबेहूब नक्कल केली की मला राग यायला हवा होता. "अहो, रोज सकाळी शिव्या घालतो मी तुम्हाला!"

"खिंड मी नाही बंद केली."

"पण उघडणार तुम्हीच ना? ट्रक अडकलाय माझा. सीमेवरून माल भरून बिश्केकला निघालो होतो."

"काय माल?"

"हसणार नसाल तर सांगतो."

"नाही हसत."

"चपला. उन्हाळी चपला. गाडीभर."

मी हसले. कंबर ठणकत असताना, नाकातोंडात बर्फ जात असताना, रस्त्यात बसून खो खो हसले. गाडीभर चपला आणि नारीनचा फेब्रुवारी!

तो जरा दुखावला असावा, कारण लगेच म्हणाला, "हसा, हसा. पण तुमचा तुशोओ कापला नव्हता का कुणी?"

आमच्याकडे कुणीही पडलं की हा टोमणा ठरलेला. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या दोन्ही घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला धागा बांधतात. तोच तुशोओ. गल्लीतली मुलं लांबून धावत येतात, जो पहिला पोहोचेल तो सुरीने धागा कापतो, बक्षीस घेतो, आणि मूल आयुष्यभर न पडता चालतं. असं म्हणतात.

"कापला होता," मी म्हटलं. "पण अर्धाच! तो कार्टा सगळ्यांच्या आधी पोहोचला, काळा पदर कापला आणि बक्षिसाची टोपी उचलून पळाला. पांढरा पदर तसाच राहिला. टाळ्या वाजवून झाल्यावर माझ्या आईच्या लक्षात आलं. तिने तो सोडवला, पण सोडवलेला धागा म्हणजे कापलेला नव्हे ना! तेव्हापासून मी पडतेच आहे. शाळेत पडले, नाचात पडले, गेल्या वर्षी तर सपाट मैदानात पडले. तो कार्टा भेटला ना कधी…"

"तर काय कराल?"

"ते ठरवायचंय अजून."

त्याने हात पुढे केला. ओला, लालबुंद, हातमोज्याशिवायचा हात. मी धरला, उठले, आणि हात काही सुटेना. माझा लोकरी हातमोजा त्याच्या ओल्या तळव्याला गोठून चिकटला होता.

"सुटत नाहीये," तो म्हणाला.

"ओढा ना मग!"

"ओढतोच आहे…"

तो मुळीच ओढत नव्हता.

घरी आपाने, म्हणजे माझ्या आईने, कंबरेला मेंढीची चरबी चोळता चोळता मला यथेच्छ झोडपलं. "आता पडायची वेळ आहे का ही? दारात पाहुणे यायचेत! लंगडत सामोरी जाणारेस का त्यांना?"

पाहुणे म्हणजे माझं लग्न ठरलं होतं त्या संजारची आई, उमसुनाय एजे (मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात), आणि त्यांच्या जावा. खिंड उघडली की त्या बिश्केकहून येणार होत्या आणि माझ्या कानांत सोन्याचे डूल घालणार होत्या. कानांत डूल पडले की मुलगी त्या घरची झाली; मग मागे फिरणं नाही. बूटही त्यांनीच पाठवले होते.

संजारला मी दोनदा भेटले होते. त्याचं फोनचं दुकान होतं, वागणं नीट होतं, दात छान होते. तो सगळं बरोबरच बोलायचा. त्या दिवशी मी पडले हे कळल्यावर फोनवर म्हणाला, "डॉक्टरांना दाखव. गरम शेक घे." मग म्हणाला, "खिंड कधी उघडेल?" मी त्याला होकार का दिला होता? नाही म्हणायला कारण सापडलं नव्हतं, म्हणून. मैत्रिणींची लग्नं झाली होती, आपाच्या डोळ्यांत रोज तोच प्रश्न होता, आणि माणूस चांगला होता. एवढ्यावर लोक हो म्हणतातच की!

पण त्या दुपारपासून मला घरात एका जागी बसवेना. खिडकीच्या फटीत कापूस कोंबला, तो उपसला, पुन्हा कोंबला. चहा केला आणि प्यायचा विसरले. बाहेर वारा पत्र्यावर धडका देत होता. आपा म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? बस की जरा!" मी बसले. आणि उजवा हातमोजा उगाच नाकाशी नेला. त्याला डिझेलचा वास येत होता. शी!… मी पुन्हा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं आणि थबकले.

पांढऱ्याफटक बर्फावर, आमच्या फाटकापासून थेट गल्लीच्या तोंडापर्यंत, नळाला वळसा घालून, पुढे रेडिओ केंद्राच्या पायरीपर्यंत राखेचा पट्टा ओतलेला होता. चुलीतली कोळशाची काळी-करडी राख. तिच्यावर पाऊल ठेवलं की कर्र वाजायचं आणि पाय हलायचा नाही. दुसऱ्या मुलींसाठी कुणी फुलांच्या पायघड्या घालत असतील. मला राखेच्या मिळाल्या.

वळणावर तो बादली घेऊन उभा होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत राख. नाव एर्मेक, हे एव्हाना सगळ्या गल्लीला कळलं होतं. समोरच्या जिपार एजेचा भाचा, खिंडीपलीकडच्या कोचकोरचा.

"ही कुणाची करणी?" मी विचारलं.

"वाऱ्याची," तो म्हणाला. "आज त्याच्या हातात बादली होती."

"एवढी राख आणली कुठून?"

"घरोघरी मागितली. लोकांना वाटलं, वेड लागलंय." तो जरा थांबला. बादली या हातातून त्या हातात घेतली. "एक सांगायचं होतं… रागावू नका. तो मुलगा… मीच."

"कोणता मुलगा?"

"टोपी घेऊन पळालेला. लहानपणी मावशीकडे यायचो ना… काल तुम्ही सांगितलंत आणि मला सगळं आठवलं."

मी हातातली पिशवी त्याच्या खांद्यावर हाणली. मग आणखी एकदा हाणली. राखेचा धुरळा उडाला, दोघंही खोकलो.

"आयुष्यभर आपटले मी तुमच्यामुळे!"

"म्हणून तर," तो खोकत म्हणाला. "धागा पुरता कापला जात नाही तोवर तुमचं पडणं माझ्याकडे. नारीनमध्ये आहे तोवर राख मी टाकणार."

वादळ थांबेना, आणि राखही. रोज सकाळी मी "खिंड बंद आहे" म्हणायची, रोज बाहेर पडले की तो नळापाशी काहीतरी निमित्त काढून उभा. कधी पाणी भरत, कधी न भरताच. माझ्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालायचा. "मागून का?" विचारलं तर म्हणाला, "पडलात तर मागेच पडाल. पुढे राहून काय करू?"

जिपार एजेच्या स्वयंपाकघरात आम्ही दूध घातलेला खारट चहा प्यायलो. एजे म्हणजे तोफ. "एर्मेक, तुझ्या गाडीतल्या चपलांपेक्षा तूच जास्त निकामी आहेस रे! ट्रकची बॅटरी उतरलीय आणि हा माझ्या चुलीची राख चाळतोय." मग माझ्याकडे वळून, "घे गं, लोणी घे. सासरी जाणाऱ्या पोरीने खाऊन घ्यावं."

सासर म्हटलं की खोलीतला वारा बदलायचा. तो पेल्यात बघायचा, मी खिडकीत.

एकदा त्याने कोटातून पिवळ्या चपलांचा जोड काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "उन्हाळ्यात घाला."

"उन्हाळ्यात मी बिश्केकला असेन," मी म्हटलं.

"हो… असाल." त्याने चपला सरळ केल्या, पुन्हा वाकड्या केल्या. "मग तिथे घाल. तिथे बर्फ लवकर वितळतो."

'घाल' म्हणाला तो. त्याच्याही लक्षात आलं. कान लाल झाले त्याचे, आणि मी ते सुधारलं नाही.

निघताना फाटकापाशी तो हळूच म्हणाला, "बेगिमाय, ज्या दिवशी 'खिंड उघडली' म्हणशील ना… त्या दिवशी जरा हळू म्हण."

"का?"

"मला निघावं लागेल. आणि तुझ्याकडे पाहुणे येतील. दोन्ही एकाच वाक्यात. म्हणून… हळू."

मी आत आले तेव्हा मला रडू येत होतं, आणि का येत होतं हे मला पुरतं ठाऊक होतं. आवडला होता तो मला. नुसता आवडला नव्हता. त्याच्याशिवायची सकाळ मला आठवेनाशी झाली होती.

आपाला सुगावा लागू नये म्हणून मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आपा, गंमत ऐक! माझा तुशोओ अर्धा कापणारा कार्टा सापडला. जिपार एजेचा एर्मेकच तो!"

आपा पाहुण्यांसाठी मैद्याचे फुगीर बोरसोक तळत होती. झारा हातात धरून ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग इतकी हसली की तिला स्टूलवर बसावं लागलं.

"एर्मेक? अगं, तो तालाय होता! पलीकडच्या घरातला. आता ओशला पोलिसात आहे, पोट सुटलंय त्याचं हे एवढं! आणि जिपारचा भाचा मिसरूड फुटल्यावर पहिल्यांदा इथे आला. तेव्हा तू चांगली सातवी-आठवीत होतीस."

हसता हसता ती थांबली. झारा खाली ठेवला. "बेगिमाय… तो असं का म्हणाला?"

मी कोट चढवला आणि बाहेर पडले.

संध्याकाळचा उजेड अजून होता. तो नळापाशी बर्फ खरवडत होता.

"तालाय कोण?" मी विचारलं.

त्याची पहार थांबली.

"खोटं बोललास तू माझ्याशी!"

"हो."

"काळा-पांढरा धागा कशाला बांधतात, ठाऊक आहे ना? मुलाने पहिल्या पावलापासून खरं-खोटं ओळखावं म्हणून. आणि तू नेमका त्याच धाग्याबद्दल खोटं बोललास! का?"

तो पहारीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "तू पडलीस, उठलीस, हातमोजा सोडवून निघून गेलीस. मला वाटलं… झालं? एवढंच? तुझ्या आयुष्यात संजार आहे, रेडिओ आहे, अख्खं गाव आहे. माझ्याकडे काय? चपला. मग वाटलं, त्या कार्ट्याची जागा रिकामी आहे, तीच घ्यावी. शिव्या खायची का होईना, जागा तर आहे!"

वाऱ्यात त्याचा आवाज फाटत होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठत होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण एक विचारू? संजारला दिलेला होकार… तो कोणत्या रंगाचा?"

उत्तर नसलं की माणूस चिडतं. "तुला काय करायचंय?" असं ओरडून मला तिथून तरातरा निघून जायचं होतं. पण बर्फावर तरातरा जाता येत नाही. इवली इवली पावलं टाकत, बदकासारखी डुलत मी घरी गेले, आणि माझ्या रागाची सगळी शान तिथेच गेली.

सकाळी फाटक उघडलं. वारा पडला होता. इतकी शांतता की कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. आणि राखेचा पट्टा होताच. भांडणानंतरही, ताजा, फाटकापासून पायरीपर्यंत.

रेडिओवर पोहोचले तेव्हा फोन वाजत होता. रस्ता खात्याचा माणूस आनंदाने ओरडत होता, "सांगून टाक बेगिमाय! आधी लहान गाड्या सोडतोय, मालट्रक दुपारनंतर!"

माझ्यासमोर माइक. क्षणभर मनात आलं, थोडं थांबलं तर? कुणाला कळणार आहे? मग डोळ्यांपुढे अख्खं गाव आलं: औषधाची वाट पाहणारे, पलीकडे अडकलेल्या मुलांची वाट पाहणारे. ते माझ्या आवाजावर विश्वास ठेवत होते. मी बटण दाबलं.

"दोलोन… खिंड… उघडली आहे."

हळू म्हटलं. त्याने सांगितलं होतं तसंच. तांत्रिक विभागातला म्हातारा काचेपलीकडून खुणा करत राहिला, आवाज गेला का म्हणून.

तिथे बसल्या बसल्याच मला कळलं की मी गावाशी एवढंसं खोटं बोलू शकले नाही, पण संजारशी महिनाभर बोलत होते. एर्मेकचं खोटं राखेएवढं होतं, झाडलं की गेलं असतं. माझं खोटं कानांत डूल होऊन बसणार होतं.

घरी आले. "आपा, काळी आणि पांढरी लोकर दे."

"आत्ता? अगं, पाहुणे निघालेत तिकडून!"

"म्हणूनच दे. माझं एक काम अर्धं राहिलंय."

आपाने माझ्याकडे पाहिलं. मग ती ट्रंकेपाशी गेली, दोन्ही लोकरी काढल्या आणि मांडीवर स्वतःच्या हातांनी पीळ घातला. "लोक काय म्हणतील ते मी बघते," एवढंच म्हणाली.

दुपारी गाडी फाटकाशी थांबली. मी बाहेर उभी होते, पायात घरचे जुने, दाबलेल्या लोकरीचे बूट, घोट्यांना काळा-पांढरा धागा. उंच टाचांचे बूट खोक्यात बांधून आपाच्या हातात.

उमसुनाय एजे उतरल्या. धागा पाहिला आणि हसल्या. "हे काय गं पोरी?"

"माझा तुशोओ अर्धाच कापला होता, एजे. पाय बांधलेले असताना कुणाच्या घरी कशी येऊ? आधी कापायला हवा. धावत येऊन."

बाई मोठ्या मनाच्या होत्या. "अरे वा! संजार, उतर! गल्लीच्या टोकाला जा आणि धावत ये!"

संजार उतरला. त्याने गल्लीकडे पाहिलं, चकाकणाऱ्या बर्फाकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "आई, पाय मोडेल कुणाचा तरी. आत जाऊ ना, कात्री घेऊ, कापून टाकू."

तेही बरोबरच होतं. मी त्याच्यावर रागावले नाही. परीक्षा त्याची नव्हतीच, माझी होती.

"उमसुनाय एजे," मी म्हटलं, आणि रेडिओवर कधी कापला नाही इतका माझा आवाज कापला. "मला माफ करा. हे डूल मला घालता येणार नाहीत. संजार चांगला आहे, तुम्ही चांगल्या आहात. मी हो म्हटलं ते नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून. तो होकार खरा नव्हता. आता… कारण सापडलंय."

मागच्या सीटवरच्या जावा तोंडाला रुमाल लावून बसल्या. संजारचा चेहरा उतरला. "फोनवर सांगायचं होतंस," तो म्हणाला. "खिंड बंद होती तेव्हा." त्याचं ते बोलणं आजही मला टोचतं. खरं होतं ते.

"कुठे आहे ते कारण?" उमसुनाय एजेंनी विचारलं.

मी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. जिपार एजेच्या दारात ट्रक धडधडत उभा होता, निघायच्या तयारीत. केबिनची काच वाफेने धूसर झालेली. आत कुणी होतं, नव्हतं, काही दिसत नव्हतं. माझा सगळा धीर तिथेच सुटत चालला होता, तेवढ्यात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला.

"अरे गाढवा, बघत काय बसलास! पळ!" जिपार एजेच त्या.

केबिनचं दार उघडलं. तो उतरला. आणि धावला.

धावला म्हणायचं आपलं. चार पावलांवर पडला. उठला. नळापाशी पडला, स्वतःच सांडलेल्या पाण्यावर. टोपी एकीकडे, तो दुसरीकडे. पुन्हा उठला, पुन्हा सटकला, आणि शेवटचं अंतर पोटावर घसरत, दोन्ही हात पुढे करून, थेट माझ्या बुटांशी येऊन थांबला. सगळी गल्ली फाटकांत जमली होती. एक जाऊ खुदकन हसली आणि उमसुनाय एजेंकडे बघून गप्प झाली.

"पहिला आलो का मी?" धापा टाकत त्याने विचारलं.

"दुसरं कुणी धावलंच नाही," मी म्हटलं.

"मग पहिलाच." त्याने खिशातून खोकी कापायची सुरी काढली, आणि तिथेच गुडघ्यांवर बसून वर पाहिलं. "बेगिमाय, तालाय मी नाही. तुझ्या लहानपणात मी कुठेच नव्हतो. पण इथून पुढे… पुढचं सगळं मला हवंय. हे खरं आहे. कापू?"

"दोन्ही पदर काप," मी म्हटलं. "टोपी घेऊन पळू नकोस."

त्याने आधी काळा कापला, मग पांढरा. दोन्ही टोकं मला दाखवली.

आपा नान घेऊन फाटकात आली. आमच्याकडे रागावलेला पाहुणाही नान चाखल्याशिवाय परत फिरत नाही. उमसुनाय एजेंनी तुकडा मोडला, सावकाश चावला. बुटांचं खोकं घेतलं नाही. "राहू दे. आमच्या घरात एवढ्या लहान पायांचं कुणी नाही," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. आपा गाडीच्या काचेशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. काय बोलली ते तिने मला कधी सांगितलं नाही.

गाडी वळली, गेली. तो अजून खालीच बसला होता. गुडघा फुटला होता, रक्त येत होतं. आपाने डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या गुडघ्याला घट्ट बांधला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मी तेव्हा याचि डोळा पाहिलं.

"ऊठ आता," मी म्हटलं. "ट्रक धडधडतोय तुझा."

"तू चालून दाखव आधी. कापलाय ना पुरता!"

मी एक पाऊल टाकलं. छान पडलं. दुसरं टाकलं. तेही छान. गल्ली टाळ्या वाजवायला लागली. तिसरं पाऊल मी राखेच्या पट्ट्याबाहेर टाकलं, आणि धाडकन त्याच्या अंगावर कोसळले. आपा ओरडली, "राख आणा रे कुणीतरी!"

तो माझ्याखाली, पाठीवर, हसावं की कण्हावं या पेचात. त्याच्या पापण्यांवर पुन्हा बर्फ होता.

"दोन्ही पदर कापले मी," तो म्हणाला. "शपथ! मग पडलीस कशी?"

"आधीच्या पडण्यांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "हे मुद्दाम."